शेळीचं दूध शोधताय? आधी शेळी बघून या

राजारामपुरीतून एका ताईंचं पत्र आलंय, मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते. त्यांचे सासरे ७२ वर्षांचे, तरुणपणी तालमीत होते, जन्मभर म्हशीचं दूध पीत आले. आता मात्र पेलाभर दूध घेतलं तरी पोट फुगतं, रात्रभर तळमळतात. कुणीतरी सांगितलं शेळीचं दूध हलकं असतं, त्याचं दही लावा, आणि एका मैत्रिणीनं केफिरचे दाणे पण आणून दिले (केफिर म्हणजे दाण्यांनी आंबवलेलं, ताकासारखं आंबट दूध). मग ताईंनी तीन ठिकाणचं दूध आणून बघितलं. पहिलं गल्लीत दुपारी बाटलीतून देऊन जाणाऱ्याचं, त्याला असा वास की घरात कुणी तोंड लावेना. दुसरं शेतात मेंढरं बसली होती तिथल्या शेळ्यांचं, ते गॅसवर ठेवल्या ठेवल्या फाटलं. तिसरं खोक्यातलं टिकाऊ दूध, त्याचं दही बारा तासांनी पण पाण्यासारखं. केफिर लावलं तर सकाळी वर पाणी आणि खाली चोथा. त्या विचारतात, "कोल्हापुरात म्हशीचं दूध पाहिजे तेवढं मिळतंय, शेळीचं चांगलं दूध कुठं मिळणार? ते चांगलं आहे हे ओळखायचं कसं? कच्च्या दुधाचं केफिर जास्त ताकदीचं असतं म्हणतात ते खरं का? आणि बहिणीचं आठ महिन्यांचं बाळ आहे, त्याला पण शेळीचंच सुरू करू का?"

ताई, तुमचे शेवटचे दोन प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं आठवडाभर थांबलं तरी चालेल पण हे दोन नाही. बाळाला शेळीचं दूध सुरू करू नका. शेळीच्या दुधात फोलेट, म्हणजे रक्त तयार व्हायला लागणारं एक ब जीवनसत्त्व, फार कमी असतं, आणि मुख्य आहार म्हणून तेच दूध दिलेल्या तान्ह्या बाळांना त्यानं अ‍ॅनिमिया झालेला आहे, डॉक्टर लोक ह्याला पूर्वीपासून ओळखतात. वर्षाच्या आतल्या बाळाला आईचं दूध, ते नसेल तर बालरोगतज्ज्ञ सांगतील ते, बस्स. गाईचं दूध सोसत नाही म्हणून शेळीचं द्या असं कुणी सांगत असेल आणि बाळाला गाईच्या दुधाची खरीच अ‍ॅलर्जी असेल तर ते अजूनच धोक्याचं, कारण दोन्ही दुधातली प्रोटीनं इतकी सारखी आहेत की अशा बहुतेक मुलांना शेळीचं पण बाधतं. केफिर तर बाळाला नकोच.

आणि कच्चं दूध. हे जरा सविस्तर सांगते कारण आपण कोल्हापूरकर धारोष्ण दुधावर वाढलेली माणसं. गंगावेशच्या कट्ट्यावर म्हैस समोर उभी, धार काढली की फेसाळ पेला तोंडाला, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे त्यामुळे शेळीचं पण तसंच प्यावं वाटणं साहजिक आहे. पण शेळ्यांमधे ब्रुसेला नावाचा एक जंतू असतो, शेळी वरून एकदम ठणठणीत दिसते आणि दुधातून तो जंतू येत राहतो. माणसाला झाला की ताप येतो जातो येतो जातो, रात्री घामानं अंथरूण भिजतं, सांधे कंबर धरते, महिनोन्‌महिने निदान होत नाही. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना हाच ताप यायचा, १८८७ मधे डेव्हिड ब्रुस ह्या लष्करी डॉक्टरनं जंतू शोधला पण तो येतो कुठून हे कळायला १९०५ उजाडलं, तेव्हा थेमिस्टोक्लीस झॅमिट ह्या तिथल्याच डॉक्टरनं दाखवलं की तो शेळ्यांच्या दुधातून येतोय. पुढच्या वर्षी सैनिकांचं शेळीचं दूध बंद केलं आणि ताप झपाट्यानं कमी झाला. आता कुणी म्हणेल केफिर आंबट असतं त्यात जंतू मरतात, तर त्या आंबटपणावर भरवसा ठेवू नका, ताज्या दह्यात केफिरमधे तो टिकू शकतो. ७२ वर्षांच्या माणसासाठी करताय, दूध उकळूनच घ्या. केफिरची ताकद दाण्यांमधे आहे, दुधाच्या कच्चेपणात नाही, उकळून गार केलेल्या दुधात दाणे अगदी झकास काम करतात.

आता सासऱ्यांचं पोट. तुम्ही लिहिलंय त्यावरून वाटतं की दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, त्यांना आता पचत नाहीये. वय वाढलं की बऱ्याच जणांना होतं. आणि इथं एक गैरसमज दूर करते, शेळीच्या दुधात लॅक्टोज गाईच्या दुधापेक्षा थोडंसंच कमी असतं, जवळजवळ तेवढंच म्हणा ना. त्यामुळे नुसतं शेळीचं दूध गरम करून पेलाभर दिलं तर पोट फुगणारच. फरक पडतो तो विरजल्यामुळं. दह्यातले आणि केफिरमधले जंतू लॅक्टोज खातात, आणि उरलेलं पचवायला पोटात गेल्यावर पण मदत करतात. शेळीच्या दुधाचा खरा फायदा दुसरा आहे, त्याच्या चरबीचे कण बारीक असतात आणि पोटात त्याची गुठळी मऊ होते, म्हणून म्हशीच्या दुधानं जड वाटणाऱ्याला ते हलकं वाटतं. म्हणजे तुम्ही दही आणि केफिरच्या मागे लागलाय ती वाट बरोबर आहे. फक्त एक करा, हे पोट फुगणं अलीकडंच सुरू झालं असेल, वजन कमी होत असेल तर आधी एकदा डॉक्टरांना दाखवा. किडनीचा त्रास असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर केफिर सुरू करायच्या आधी विचारा, शेळीच्या दुधात पोटॅशियम बऱ्यापैकी असतं आणि केफिरमधे जिवंत यीस्ट असतं.

चला आता दूध कुठं मिळणार. आपल्या जिल्ह्यात दुधाची सगळी घडी म्हैस आणि गाय ह्यांच्यावर बसलेली आहे. गोकुळ घ्या वारणा घ्या, गावोगावी संस्थेच्या दारात सकाळ संध्याकाळ कॅन घेऊन रांग लागते ती म्हशीच्या आणि गाईच्या दुधाची. शेळीचं दूध ह्या रस्त्यानं येतच नाही. शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते खरंय, पण आपल्याकडं ती पाळतात बोकडासाठी, करडं मोठी करून विकायची आणि दूध निघालंच तर घरात चहाला. उस्मानाबादी शेळी दिवसाला अर्धा लिटर, फार तर लिटर दीड लिटर देते, त्यात करडं दोन असतात बऱ्याचदा, म्हणजे विकायला राहतं किती? संगमनेरी जरा दुधाला बरी. त्यामुळे "शेळीचं दूध मिळेल" असा बोर्ड शोधत फिरलात तर पाय दुखतील फक्त. आणि डेंग्यूची साथ आली की तर विचारूच नका, प्लेटलेट वाढतात म्हणून लोक वाटेल त्या भावानं घेतात (त्याला काही शास्त्रीय आधार सिद्ध झालेला नाही), मग त्या दिवसात भेसळ पण होते.

म्हणून माझं सांगणं असं की दूध शोधू नका, शेळीवाली शोधा. म्हणजे असं एक घर की जिथं चार-सहा शेळ्या गोठ्यात बांधून पाळल्यात, रानोमाळ फिरत नाहीत, आणि घरातली बाई स्वतः धार काढते. वडणगे, शिंगणापूर, पाचगाव, कळंबा, उचगाव, शिये, ह्या बाजूला अशी घरं सापडतात. पण दारोदारी विचारत हिंडू नका, सरळ जवळच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात जा आणि तिथल्या माणसांना विचारा की इथं बंदिस्त शेळीपालन कोण करतंय, त्यांना घरन्‌घर माहिती असतं कारण लसीकरणाला तेच जातात. नाहीतर बचत गटाच्या ताईंना विचारा, बऱ्याच गटांनी शेळ्या घेतलेल्या असतात. ऊसतोड झालेल्या रानात मेंढरं बसवतात त्या धनगर बंधूंकडं पण दूध चांगलं असतं, शेळ्या हिंडून पाला खाऊन आलेल्या असतात, पण त्यांचा तळ आज इथं तर चार दिवसांनी पुढच्या गावाला, त्यामुळं रोजच्या विरजणाला त्यांच्यावर अवलंबून राहता येत नाही.

मी स्वतः अशी एक मावशी शोधायला दीड महिना घालवला. पंचगंगेच्या पलीकडं एका गावात, पाच शेळ्या, गोठा रोज सकाळी झाडलेला. पहिल्या दिवशी मी पातेलं घेऊन गेले तर मावशी म्हणल्या, "आज न्यायचं न्हाई, आज नुसतं बघा, उद्या धारंच्या टायमाला या." मला तेव्हा ते विचित्र वाटलेलं, घरी आल्यावर पटलं. दुसऱ्या दिवशी सहाला गेले. त्यांनी हात धुतले, कास कोमट पाण्यानं धुवून कोरड्या फडक्यानं पुसली, पहिल्या दोन-तीन धारा एका काळ्या वाटीत काढल्या, वाटी तिरकी करून बघितली आणि ते दूध ओतून दिलं. मी विचारलं हे कशाला, तर म्हणल्या, "कणी दिसली तर सडात सूज हाय म्हणून समजायचं, मग त्या शेळीचं दूध कुणाला द्यायचं न्हाई." मला त्याच क्षणी कळलं की आपलं काम झालं.

तुम्ही जाल तेव्हा काय बघायचं ते सांगते. बोकड कुठं बांधलाय ते पहिलं बघा. जो उग्र वास आपण शेळीच्या दुधाचा म्हणतो तो बऱ्याच वेळा बोकडाचा असतो, तो शेजारीच बांधलेला असेल तर वास शेळीच्या अंगाला आणि दुधाला लागतो. मावशींचा बोकड घराच्या पार मागच्या बाजूला होता. मग विचारा की शेळ्या व्याल्या कधी. पहिला आठवडाभर चीक असतो तो विरजणाला चालत नाही, उकळताना फाटतो, आणि अगदी आटत आलेल्या शेळीचं दूध पण खारट होतं आणि तापवताना दगा देतं. मधले महिने चांगले. मग विचारा औषध, इंजेक्शन चालू आहे का, कारण अँटिबायोटिक दिलेल्या शेळीच्या दुधात त्याचा अंश येतो आणि तुमचं विरजण लागतच नाही, शिवाय ते पोटात जायला नकोच. औषधाचे ठरलेले दिवस झाल्यावरच ते दूध घ्यायचं असतं. आणि एक प्रश्न जरा जपून पण विचाराच, यंदा कुठल्या शेळीनं गाभ टाकलाय का. एकापेक्षा जास्त शेळ्यांनी टाकला असेल तर तो ब्रुसेला असू शकतो, तिथलं दूध घेऊ नका आणि त्यांना पण सांगा डॉक्टरांना दाखवा म्हणून, धार काढणाऱ्या बाईलाच आधी धोका असतो. चांगल्या शेळीवाल्या ह्या प्रश्नांना रागवत नाहीत, उलट खूश होतात की कुणीतरी नीट विचारतंय.

खायला काय घालतात ते पण बघा. शेवरी, हादगा, सुबाभूळ, लसूणघास, मका असलं असेल तर छान. धारेच्या आधी कांद्याचा पाला किंवा मुरघास घातला की वास दुधात उतरतो, तेच धार काढून झाल्यावर घातलं तर काही नाही. ही गोष्ट सांगून बदलता येते.

शुद्ध आहे का हे ओळखायचं तर रंग बघा. शेळीचं दूध पांढरंशुभ्र असतं, गाईसारखी पिवळसर झाक नसते, कारण शेळी चाऱ्यातलं कॅरोटीन पूर्ण अ जीवनसत्त्वात बदलून टाकते. आणि तापवून गार केलं की साय पातळ येते, म्हशीसारखी जाडजूड येत नाही. जाड साय आली तर म्हशीचं मिसळलेलं असणार. पण गाईचं थोडं मिसळलं तर डोळ्यांनी कळणं अवघड आहे म्हणून समोर धार काढून घेणं हेच खरं, आणि हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको.

आता तुमची तीन दुधं. बाटलीवाल्याचं वासाचं का होतं? बोकड कारण असेल, पण दुसरं पण एक कारण आहे. शेळीच्या दुधाच्या चरबीत कॅप्रोइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक अशी आम्लं गाईपेक्षा जास्त असतात, लॅटिनमधे शेळी म्हणजे काप्रा, त्यावरूनच ती नावं पडली. ती चरबीत बांधलेली असतात तोपर्यंत वास नाही. पण कच्चं दूध अर्ध्या भरलेल्या बाटलीत गाडीवर डुचमळत, उन्हात, चार तास फिरलं की चरबी फुटते, ही आम्लं मोकळी होतात आणि वास सुटतो. सकाळची धार दुपारी तुमच्या दारात, म्हणजे तेच झालं असणार. म्हणून दूध आणायला स्टीलची किटली न्या, आणि ती काठोकाठ भरेल एवढीच न्या, हलायला जागाच ठेवायची नाही. ओल्या फडक्यात गुंडाळा, शक्य असेल तर बर्फाच्या पिशवीत ठेवा, आणि घरी आल्या आल्या उकळा. उकळलं की वास सोडणारं एन्झाइम थांबतं, मग दूध शांत राहतं. मी मावशींच्या गोठ्यापासून घरापर्यंत पंचवीस मिनिटं धरते आणि चप्पल काढायच्या आधी गॅस पेटवते.

मेंढरांच्या तळावरचं फाटलं, त्यात एखादी नुकतीच व्यालेली शेळी असेल किंवा दूध उन्हात आंबायला लागलं असेल. शेळीचं दूध तसंही म्हशीच्या दुधापेक्षा उष्णतेला नाजूक असतं, भक्कन मोठ्या आचेवर ठेवू नका. जाड बुडाचं पातेलं, मध्यम आच, सारखं ढवळत. खोक्यातलं दूध मात्र खराब नव्हतं. ते खूप जास्त तापमानाला तापवलेलं असतं त्यामुळे दही मऊ पडतं, शेळीच्या दुधाचं तर आणखीनच. तुमच्याकडून काही चुकलेलं नाही ताई. शेळीवाली सापडेपर्यंत किंवा शेळ्या आटल्या की मधल्या महिन्यात ते खोकं केफिरला वापरा, उघडलं की तसंच वापरता येतं, उकळायची गरज नाही. घेताना घटकांमधे फक्त शेळीचं दूध लिहिलंय ना, तारीख काय आहे, एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा परवान्याचा, नंबर आहे का एवढं बघा. शेळीच्या दुधाची पावडर पण मिळते, तिचा उपयोग खाली सांगते.

दह्याबद्दल सगळ्यात आधी मनाची तयारी करा. घरात म्हशीच्या दह्याची सवय आहे, सुरीनं कापून घ्यावं असं. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के, शेळीच्या साडेतीन-चारच्या आसपास, शिवाय दह्याला घट्ट धरणारं जे एक प्रकारचं केसीन (दुधातलं मुख्य प्रोटीन) असतं ते शेळीच्या दुधात कमी. म्हणजे तुम्ही काहीही केलं तरी ते दही चमच्यातून ओघळणारच. ते बिघडलेलं नाही, ते तसंच असतं. सासऱ्यांना आधीच सांगून ठेवा नाहीतर ते पहिल्याच दिवशी वाटी सरकवतील.

तरी बऱ्यापैकी घट्ट करायचं असेल तर दूध उकळल्यावर लगेच उतरवू नका. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं राहू द्या, ढवळत, साधारण पाऊण होईपर्यंत आटू द्या. ह्यानं दोन कामं होतात, पाणी कमी होतं आणि ८५ अंशाच्या वर बराच वेळ राहिल्यानं दुधातली निवळीतली प्रोटीनं केसीनला चिकटतात, जाळं घट्ट होतं. मग कोमट होऊ द्या, करंगळी बुडवून दहा आकडे मोजता आले पाहिजेत, ते साधारण ४२-४३ अंश. अर्ध्या लिटरला दीड चमचा विरजण, गुठळी मोडून, नीट मिसळून. पावडर असेल तर आटवताना दोन चमचे घाला, फरक लगेच दिसतो. पहिलं विरजण म्हशीच्या दह्याचं चालेल, पुढच्या वेळेपासून शेळीच्याच दह्याचं वापरा. आणि वेळ बघा, हे दही म्हशीच्या दह्यापेक्षा लवकर आंबट होतं, उन्हाळ्यात पाच तासांनीच बघा, रात्रभर ठेवू नका. लागलं की फ्रीजमधे, तिथं अजून थोडं घट्ट होतं. त्याहून घट्ट पाहिजे तर मलमलच्या फडक्यात तास-दीड तास टांगा, निवळी भाकरीच्या पिठात किंवा आमटीत घाला.

एक छोटी परीक्षा सांगते, ही मी नवीन दूध आणलं की दरवेळी करते. त्याच विरजणानं एका वाटीत घरचं म्हशीचं किंवा गाईचं दूध लावायचं आणि दुसऱ्या वाटीत नवीन शेळीचं. शेजारी शेजारी ठेवायच्या. शेळीचं पातळ पण आंबट झालं तर दूध ठीक आहे. म्हशीचं लागलं आणि शेळीचं मात्र तसंच गोडं राहिलं, आंबलंच नाही, तर दुधात औषधाचा अंश असण्याची दाट शक्यता, ते दूध टाकून द्या आणि शेळीवालीला शांतपणे विचारा. ह्यात विरजणाचा दोष का दुधाचा ह्याचा घोळ राहत नाही.

केफिरचं वेगळं आहे. दही गरम जागी खूश असतं, केफिर गार जागी. हे मूळ कॉकेशस डोंगराकडचं, २०-२५ अंशाला दाण्यांना आवडतं. आपल्याकडं एप्रिल-मे मधे पारा ३५ च्या वर, तुम्ही रात्रभर ओट्यावर ठेवलं असणार, म्हणून सकाळी वर निवळी खाली चोथा. दाणे पण जास्त असतील. उन्हाळ्यात एक मोठा चमचा दाण्यांना अर्धा लिटर दूध घ्या, थंडीत पाव लिटर. काचेची बरणी, तोंडाला फडकं आणि रबर, नाहीतर चिलटं बसतात. बरणी पाण्याच्या परातीत ठेवून भोवती ओलं फडकं गुंडाळा आणि आठ-दहा तासांनीच हलवून बघा. हलवल्यावर बरणीच्या काचेला पातळ ताकासारखा थर राहिला की झालं, गाळून घ्या. थंडीत हेच चोवीस तास लागतं. फार उकाडा असेल तर सरळ फ्रीजमधे ठेवा, तीन-चार दिवस लागतील पण चव छान मऊ येते. तुमचं जे फाटल्यासारखं झालं होतं ते टाकायची गरज नव्हती, रवीनं घुसळलं की एकजीव होतं, फक्त आंबट लागतं. गुलाबी किंवा हिरवा रंग, बुरशीची लव, कुजका वास असं काही दिसलं तर मात्र दाण्यांसकट टाका.

गाळणी स्टीलची चालते, अ‍ॅल्युमिनियम, तांबं, पितळ नको, आंबट पदार्थ त्यात ठेवायचा नसतो. दाणे नळाच्या पाण्यानं धुवू नका, क्लोरीन असतं त्यात, तसेच दुधातून दुधात टाकायचे. आणि तुमचे दाणे आत्तापर्यंत गाईच्या दुधावर वाढलेले असतील तर शेळीच्या दुधात आल्यावर पहिल्या तीन-चार वेळा ते रुसतात, पातळ होतं, वास वेगळा येतो. त्या तीन-चार वेळा इडलीच्या पिठात, ढोकळ्यात खपवा, सासऱ्यांना देऊ नका, नाहीतर तीच चव त्यांच्या डोक्यात बसेल.

रोज शेळीवालीकडं जाणं जमणार नाही हे मला माहितीये. आठवड्यातून दोनदा जा, उकळून गार करून अर्धा-अर्धा लिटर फ्रीजरमधे ठेवा. शेळीचं दूध गोठवायला चांगलं असतं, चरबीचे कण बारीक असल्यानं नंतर फार वेगळं होत नाही. आदल्या रात्री खाली फ्रीजमधे उतरवायचं, सकाळी घुसळून वापरायचं. मी पंधरा-वीस दिवसांच्या आत संपवते. आणि मावशीला आधी सांगून ठेवा की मला बारमाही पाहिजे, म्हणजे ती सगळ्या शेळ्या एकाच वेळी व्यायला येणार नाहीत असं बघू शकते. दोघी-तिघी मैत्रिणींनी मिळून एकाच घरचं दूध ठरवलं तर तिला पण दूध करडांना सोडण्यापेक्षा विकणं परवडतं. स्वतः एखादी शेळी घेऊन कुणाकडं पाळायला द्यायचा विचार मनात आला असेल तर पेठ वडगावच्या बाजारात घाईनं घेऊ नका, एखादा जाणता माणूस बरोबर न्या. सांगली जिल्ह्यात कवठेमहांकाळजवळ रांजणीला मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, तिथं पण चौकशी करा.

अजून एक सांगायचं राहिलं, आणि हे तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगणं माझं काम आहे. तुम्ही लिहिलंय सासरे माळकरी आहेत. केफिरमधे यीस्ट असतं त्यामुळे त्यात अगदी अल्प प्रमाणात अल्कोहोल तयार होतं, साधारण टक्क्याच्याही आत, जास्त वेळ किंवा झाकण घट्ट लावून ठेवलं तर थोडं वाढतं. नशा वगैरे काही होत नाही. पण माळ घातलेल्या माणसाला हे आधी सांगायला पाहिजे, त्यांना न सांगता देऊ नका. ते नको म्हणले तर वाद घालू नका, शेळीचं दही आणि त्याचं ताक ह्यानं पण त्यांचं काम होईल, ते दिलंत तरी मनापासून द्याल.

दही असो का केफिर, सुरुवात पाव वाटीनं करा, दुपारच्या जेवणाबरोबर, रात्री नको. चार दिवस तेवढंच, पोट शांत राहिलं तर अर्धी वाटी. जिऱ्याची पूड आणि मीठ घाला, साखर नको. आणि शेळीवाली सापडेपर्यंत त्या दाण्यांना उपाशी ठेवू नका, गाईच्या दुधात बुडवून फ्रीजमधे ठेवा आणि आठवड्याला दूध बदला.